अमूर्त चित्रांचं पहिलं प्रदर्शन : गाळ्यापासून दालनापर्यंत

डिसेंबर २०२५ मध्ये माझ्या चित्रांचं पहिलं एकल प्रदर्शन दक्षिण मुंबईतल्या एका भाड्याच्या दालनात झालं. स्टुडिओसाठी गाळा घेतला तो जानेवारी २०२३ मध्ये. मधल्या काळात काय काय करावं लागलं, पैसे कुठे गेले, काम कुठे अडलं आणि कुठे नुसतं हातावर हात ठेवून बसावं लागलं, ते लिहून ठेवते आहे. अमूर्त चित्रकलेबद्दल मराठीत विचार भरपूर वाचायला मिळतो. पण ओला कॅनव्हास पावसाळ्यात कुठे ठेवायचा, अर्जात काय लिहायचं आणि चित्राची किंमत कशी काढायची, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या. वस्तुचित्रात तांब्या आणि वांगी, स्मरणचित्रात बसथांबा नाहीतर आठवडी बाजार. चित्र म्हणजे कशाचं तरी चित्र, हे तेव्हापासून अंगात मुरलेलं. पुढे कला महाविद्यालयात पेंटिंग घेतलं, पण पोटासाठी पॅकेजिंग डिझाइनमध्ये गेले आणि वीसेक वर्षं तिथेच गेली. रात्री जेवणाच्या टेबलावर कागद पसरून जे काही करत होते त्यातून हळूहळू वस्तू गळत गेल्या. मी ठरवून काढल्या नाहीत. आधी तांब्याचा नुसता आकार राहिला, मग त्याची कड, मग एक करडा संपून दुसरा करडा सुरू होतो तेवढी जागा. पंचेचाळिशी उलटल्यावर नोकरी अर्धवेळ करून घेतली आणि जागा शोधायला लागले.

ठाण्यात एका जुन्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर दोनशे चौरस फुटांचा गाळा मिळाला. खाली छपाईचं काम, शेजारी प्लास्टिकचे साचे बनवणारा कारखाना. भाडं महिना ११ हजार, अनामत ५० हजार. फ्लॅटमधल्या खोलीपेक्षा गाळा बरा असं माझं स्पष्ट मत आहे. टर्पेंटाइनच्या वासाबद्दल कुणी कुरकुरत नाही, जमिनीवर रंग सांडला तरी कुणाचं काही जात नाही, आणि मालाची लिफ्ट असते. चार फुटी कॅनव्हास जिन्याच्या वळणावर अडकला की या लिफ्टचं महत्त्व कळतं.

करार लिव्ह अँड लायसन्सचा, ३६ महिन्यांचा. महाराष्ट्रात तो नोंदवावाच लागतो. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि अनामतीवरचं धरलेलं व्याज मिळून पाव टक्का, म्हणजे माझ्या बाबतीत हजाराच्या जरा वर. नोंदणी शुल्क शहरी हद्दीत १ हजार. अंगठे घ्यायला एजंट यंत्र घेऊन गाळ्यावरच आला, त्याची फी निराळी. मालकांना रंगकाम म्हटल्यावर स्प्रे पेंटिंग वाटलं आणि ते बिथरले. शेवटी करारात ‘चित्रकाराचा स्टुडिओ, कोणतेही यांत्रिक उत्पादन नाही’ असं लिहून घेतलं. जागेचा वापर शब्दांत लिहून घेतलेला बरा. पुढे इस्टेटच्या सोसायटीने विचारणा केली तेव्हा त्या एका ओळीवर भागलं. विजेचा मीटर व्यावसायिक दराचा असतो, तेही भाड्यात धरूनच हिशोब करा.

मग उजेड. चित्रकाराला उत्तरेचा उजेड हवा असं पुस्तकात असतं, कारण त्या बाजूने थेट ऊन येत नाही आणि दिवसभर उजेड फारसा बदलत नाही. माझी खिडकी पश्चिमेला. दुपारी तीननंतर सगळे रंग पिवळट दिसायचे. खिडकीला ट्रेसिंग पेपर लावला आणि ५००० केल्विनच्या म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाच्या, रंग खरे दाखवणाऱ्या म्हणजे सीआरआय ९०च्या वरच्या एलईडी पट्ट्या छताला बसवल्या. जोडणीसकट ९ हजारांच्या आसपास गेले. त्याबरोबर एक पिवळसर स्पॉटलाइटही आणला, कारण दालनांत बहुधा तसाच उजेड असतो. थंड उजेडात जमलेला निळा पिवळ्या उजेडात मळकट होतो. चित्र दोन्हीखाली पाहायची सवय लावून घेतली ती पुढे फार कामाला आली.

तैलरंगात काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकते. जवसाचं तेल वाळतं म्हणजे त्यातलं पाणी उडत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्या क्रियेत उष्णता तयार होते. तेलाने माखलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेटू शकतात. माझ्याकडे झाकणाचा पत्र्याचा डबा आहे, त्यात पाणी, आणि फडकी त्यात बुडवूनच ठेवते. खिडकीतला एक्झॉस्ट पंखा मी आत असेपर्यंत चालू.

पहिले काही महिने चित्रं झाली नाहीत. जागा मिळाली, वेळ मिळाला, मोठे कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवले आणि हात चालेना. टेबलावर रात्रीचा तासभर चोरून केलेलं काम सुटसुटीत असायचं. गाळ्यात भाड्याचं मीटर पळत असल्यासारखं वाटायचं. या दिवसांत चित्रं कमी आणि कॅनव्हास जास्त तयार केले. स्ट्रेचरवर, म्हणजे कॅनव्हासच्या लाकडी चौकटीवर, कापड ताणताना चारही बाजूंच्या मधोमध आधी ठोकायचं आणि समोरासमोर करत कोपऱ्यांकडे जायचं. गेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या लेपाचे, तीन थर, प्रत्येक थर वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर. या कामात डोकं लागत नाही आणि हात मात्र त्या आकाराला सरावतो. तीन बाय चार फुटांचा पांढरा चौकोन रोज बघून बघून त्याची भीती गेली. याला तुम्ही टाळाटाळ म्हणा, पण मला ती उपयोगी पडली.

चित्रकार गायतोंडे यांच्याबद्दल वाचलेलं या काळात वारंवार आठवायचं. वासुदेव गायतोंडे, नागपूरला १९२४ साली जन्मलेले, मुंबईच्या जे.जे. कलाशाळेचे विद्यार्थी, १९७२ नंतर दिल्लीत राहिलेले. ते वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं पूर्ण करत. रोलर आणि नाईफने (रंगाच्या बोथट पात्याने) रंग लावायचा आणि काढायचा, थरावर थर. पण त्याआधी दिवसच्या दिवस बघत बसणं. आपल्या कामाला अमूर्त म्हणणंही त्यांना पसंत नव्हतं. मला त्यांच्यासारखी चित्रं काढायची नव्हती, आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे त्यांच्यासारखं काढणाऱ्यांची गर्दी आहे. धुक्यासारखी पार्श्वभूमी आणि मधोमध चार गूढ खुणा. पण बसून राहणं हा कामाचाच भाग असतो, एवढा धीर मी त्यांच्याकडून घेतला. गाळ्यात एक बरी खुर्ची आणली. स्टुडिओसाठी घेतलेल्या वस्तूंत माझा सगळ्यात जास्त वापर तिचाच झाला.

जून आला आणि कामाची सगळी चाल बदलली. मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात तैलरंग वाळायचं नाव घेत नाही. एरवी आठवड्यात हाताला कोरडा लागणारा थर तीन आठवड्यांनीही चिकट. कॅनव्हास सैल पडतो, मग स्ट्रेचरच्या कोपऱ्यांतल्या पाचरी हलक्या हाताने ठोकून तो पुन्हा ताणायचा. भिंतीला चिकटून ठेवलेल्या कॅनव्हासच्या मागे बुरशी धरते. मी जमिनीपासून वीतभर वर लाकडी पट्ट्यांचा रॅक करून घेतला आणि भिंतीशी हात जाईल इतकं अंतर सोडलं. हवेतला ओलावा शोषणारं यंत्र जुन्या बाजारात मिळालं, दिवसाला त्याच्या टाकीत बादलीभर पाणी जमायचं.

खालचे थर ॲक्रिलिकचे आणि वरचे तेलाचे, हा मार्ग त्या पावसाळ्यात धरला. ॲक्रिलिक तासाभरात वाळतं. त्यावर तेल चालतं, उलटं चालत नाही, तेलावर ॲक्रिलिक धरत नाही आणि पुढे सुटतं. तेलाच्या थरांतही खालचा थर कमी तेलाचा आणि वरचा जास्त तेलाचा हवा, नाहीतर वरचा आधी वाळून खालच्याच्या हालचालीने तडकतो. आणखी एक खोड लक्षात ठेवा, ओलं ॲक्रिलिक दिसतं त्याहून वाळल्यावर जरा गडद होतं. मी जवळजवळ सारख्या छटांमध्ये काम करते, त्यामुळे हा फरक मला छळायचा. मग प्रत्येक मिश्रणाचा ठिपका पुठ्ठ्यावर लावून, वाळवून, मागे प्रमाण लिहून ठेवायला लागले. आता त्या पुठ्ठ्यांची एक पेटी भरली आहे.

ज्या दिवशी गाड्या बंद असत किंवा गाळ्यापर्यंत पोहोचता येत नसे त्या दिवशी घरी कागदावर पेनाने रेघा. चित्रकार नसरीन मोहमदी (१९३७–१९९०) यांची रेषांची कामं मी त्या काळात पुन्हा नीट पाहिली. ड्राफ्ट्समनची साधनं, शाई, पेन्सिल, लहान कागद. रेघ किती हळू ओढली आहे हे त्यांच्याकडे दिसतं. माझ्या रेघा त्या मानाने भाजी चिरल्यासारख्या. तरी पावसाळ्याचे ते कागद पुढच्या वर्षीच्या मोठ्या चित्रांचे कच्चे आराखडे ठरले.

आता लोक हमखास विचारतात ती गोष्ट, की सुचतं कुठून. माझं बरंचसं उत्तर मिठागरांत आहे. ठाण्याहून ऐरोलीकडे जाताना, मुलुंड-कांजूरच्या पूर्वेला खाडीच्या काठाने ती लांबवर पसरलेली आहेत. बांधांनी पाडलेले चौकोन. उन्हाळ्यात एका चौकोनात पांढरी साय, शेजारच्यात तपकिरी पाणी, त्यापुढच्यात आकाश. पावसात बांध बुडतात आणि सगळं मिळून एकच पाणी होतं, फक्त कुठे कुठे रेघ दिसते. मी मिठागरं काढत नाही. ती काढायला गेले की चित्र लगेच स्मरणचित्र होतं. मी तिथून एकच प्रश्न उचलला, जवळजवळ सारख्या दोन रंगांमधली कड किती पातळ केली तरी ती डोळ्याला दिसते? मग ती कड कधी नाईफने खरवडून, कधी खालचा थर उघडा ठेवून, कधी चिकटपट्टी लावून काढून अशी वेगवेगळ्या प्रकारे केली. चिकटपट्टीची कड फार हुशार दिसते म्हणून ती सोडली. खरवडलेल्या कडेत खालच्या जुन्या रंगाचे कण राहतात, तिथे मला पाण्याखालचा बांध सापडला.

बाकी प्रेरणा म्हणाल तर शेजारच्या कारखान्याचं गंजलेलं शटर, छपाईवाल्यांनी शाईचा रोलर पुसून टाकलेले कागद, कसारा घाटातून जाताना खडकात एकावर एक दिसणारे आडवे थर. या गोष्टींचे फोटो मी काढत नाही. फोटो असला की हात त्याची नक्कल करायला धावतो.

रंगांचंही थोडं सांगते. माझ्या पॅलेटवर फार कमी रंग आहेत. अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि टायटॅनियम पांढरा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिळून जो करडा होतो तो काळ्या ट्यूबमधून कधीच येत नाही. प्रमाण हललं की तो थंड होतो किंवा उबदार होतो. थॅलो निळा घेऊन पाहिला, पण त्याची ताकद अशी की टाचणीच्या डोक्याएवढा रंग अख्खा पॅलेट खाऊन टाकतो. तो कपाटात आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये अर्ज करायला बसले तेव्हा दाखवण्याजोगी मोजकीच चित्रं हातात होती. तरी अर्ज तेव्हाच केला, कारण ज्यांनी प्रदर्शनं केली आहेत ते सगळे एकच सांगत होते : चित्रं पूर्ण होण्याची वाट बघू नकोस, रांग मोठी असते. काळा घोड्याच्या जहांगीर कलादालनाची प्रतीक्षायादी तर चित्रकारांमध्ये दंतकथेसारखी सांगितली जाते. मी दोन-तीन ठिकाणी अर्ज भरले. बहुतेकांना लागतं ते असं : अलीकडच्या कामांचे चांगले फोटो, प्रत्येकाचं माप, माध्यम, वर्ष, शिक्षण आणि आधीचे सहभाग, ओळखपत्र, अर्जाचं शुल्क, आणि दीड-दोनशे शब्दांत ‘चित्रकाराचे मनोगत’. एका अर्जात ‘चित्रांचा विषय’ असाही रकाना होता.

मनोगताने मला चित्रांपेक्षा जास्त रडवलं. पहिला मसुदा लिहिला त्यात ‘अंतर्मनाचा शोध’, ‘अनंत अवकाश’, ‘शून्य’ असं सगळं आलं. वाचून लाज वाटली, कारण हे कुणाच्याही चित्रांखाली खपलं असतं. मग एका मैत्रिणीने, ती शाळेत गणित शिकवते, सांगितलं, ‘तू सकाळी गेल्यावर काय करतेस तेवढंच लिही ना.’ तेच लिहिलं. किती थर, कसे खरवडते, कड कुठे येते, मिठागरं कुठून आली. ‘विषय’च्या रकान्यात ‘दोन करड्यांमधली कड’ असं लिहून टाकलं. पुढे निवड समितीतल्या एका सदस्यांनी भेटल्यावर त्याच ओळीबद्दल विचारलं, म्हणजे कुणीतरी ती वाचली होती.

एका ठिकाणाहून कधीच उत्तर आलं नाही. एका ठिकाणाहून नकाराचं दोन ओळींचं पत्र. तिसऱ्या दालनाकडून एप्रिल २०२४ मध्ये होकार आला, तारीख डिसेंबर २०२५ची. निम्मं भाडं पंधरा दिवसांत भरायचं, उरलेलं प्रदर्शनाच्या दोन महिने आधी. आठवड्याचं भाडं ६० हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी. पत्र वाचून आनंद झाला तो संध्याकाळपर्यंत टिकला. मग भिंतींचा नकाशा उघडला आणि पोटात गोळा आला. एवढी लांबी भरायला माझ्याकडे निम्मी चित्रंही नव्हती.

पण त्या तारखेने एक फार मोठं काम केलं. अमूर्त चित्रात ते झालं हे कसं ठरवायचं, हा प्रश्न मी वर्षभर चघळत होते. चेहऱ्याच्या चित्रात निदान नाक आलं की नाही एवढं कळतं. इथे काहीच बाकी राहिलेलं नसतं आणि सगळंच बाकी असतं. मी चित्र आरशात उलटं बघायचे, मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून छटा तपासायचे, भिंतीकडे तोंड करून महिनाभर ठेवून द्यायचे आणि मग अचानक वळवून पहिल्या नजरेत काय खुपतं ते टिपायचे. या युक्त्या चांगल्या आहेत, वापरा. पण निर्णय त्यातून येत नव्हता. डिसेंबरची तारीख आल्यावर मागे मोजलं. चित्रं दालनात न्यायची तर हाताला पक्की कोरडी हवीत, मध्ये पावसाळा, म्हणजे जाड थराच्या चित्रांवर शेवटचा हात मेच्या अखेरीस. पातळ थराच्या चित्रांना जास्तीत जास्त ऑगस्ट. त्यानंतर हात लावायचा नाही. ही मर्यादा पडल्यावर मी चित्रापुढे वेगळी वागायला लागले. ‘अजून काय करता येईल’ हे बंद झालं आणि ‘हा पुढचा थर जूनमध्ये वाळेल का, आणि त्या किमतीचा आहे का’ असा रोकडा प्रश्न आला. पुष्कळ थर त्या किमतीचे नव्हते. २०२५च्या वसंतात झालेली चित्रं त्यामुळेच आधीच्यांपेक्षा मोकळी आहेत असं मला वाटतं. दोन चित्रं मेनंतरही खुपत होती, ती प्रदर्शनातून काढली, आजही गाळ्यात आहेत.

सप्टेंबरमध्ये छायाचित्रण. तैलरंगाच्या पृष्ठभागावर झळाळी येते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत दिवे आणि पोलरायझर (झळाळी कापणारं फिल्टर) असलेला माणूस शोधा. लग्नाचे फोटो काढणारे मित्र इथे चालत नाहीत. मला १२ हजार लागले. मग पत्रिकेची छपाई. छापखान्याच्या चार रंगांत अल्ट्रामरीन उतरत नाही, तो जांभळट किंवा फिका येतो, कितीही दुरुस्त्या केल्या तरी. पॅकेजिंगमध्ये आयुष्य गेल्यामुळे हे मला ठाऊक होतं, तरी प्रूफ बघून वाईट वाटायचं ते वाटलंच. घडीच्या साध्या पत्रिका छापल्या, १६ हजारांत. जाड कॅटलॉगचा मोह टाळला.

चौकटींनी मात्र घाम फोडला. कॅनव्हासच्या कडेपासून बोटभर फट सोडणारी साधी लाकडी चौकट हवी होती. ज्या कारागिराला काम दिलं त्यांनी गणपती, मग दसरा, मग दिवाळी असं करत नोव्हेंबर उजाडवला. चौकटी शेवटी छान झाल्या, ३८ हजार लागले, पण सांगते, सणांच्या दिवसांत येणारी कुठलीही तारीख सुताराकडून कबूल करून घेऊ नका. जुलैत काम द्या.

किमतीबद्दल कुणी उघड बोलत नाही. मी दोन पद्धती पाहिल्या. एक चौरस इंचाचा दर. त्यात मोठी चित्रं फार महाग आणि लहान फार स्वस्त होतात. दुसरी, लांबी-रुंदीची बेरीज गुणिले एक ठरावीक दर. मी ६०० धरले. म्हणजे ३६ बाय ४८ इंचांचं ५०,४००, २४ बाय २४चं २८,८०० आणि १२ बाय १२चं १४,४००. कुठलं चित्र मला जास्त प्रिय आहे याचा किमतीशी संबंध ठेवायचा नाही, हा सल्ला एका ज्येष्ठ चित्रकारांनी दिला आणि त्याने मोठा गोंधळ वाचला. चित्रांवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला. मी नोंदणीकृत नाही, माझी विक्री ४० लाखांच्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. पण चित्र राज्याबाहेर विकलं जाणार असेल तर ती मर्यादा सरसकट लागू होत नाही, तेव्हा प्रदर्शनाआधीच सीएशी बोलून घ्या. ग्राहक समोर उभा असताना हे विचारायची वेळ येऊ नये.

नेण्याआधी प्रत्येक चित्रावर बटर पेपर, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. फुगे आत ठेवले आणि रंग जरा जरी मऊ असला तर चित्रावर गोल गोल ठसे उमटतात. कोपऱ्यांना पुठ्ठा. टेम्पो जाऊन-येऊन ९ हजार, सकाळी लवकर निघा, दक्षिण मुंबईत मोठ्या गाड्यांच्या वेळा पाळाव्या लागतात. दालनात टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५८ इंचांवर येईल असं धरलं. सगळी चित्रं आधी जमिनीवर भिंतीशी लावून फिरवून पाहिली. गाळ्यात एकेकटी भारदस्त वाटणारी दोन चित्रं शेजारी आली की एकमेकांचा गळा धरायची. रात्री उशिरापर्यंत हेच. दालनातल्या दोन मदतनीसांनी, ज्यांनी माझ्यासारखे शेकडो जण येऊन गेलेले पाहिले असतील, शेवटी एक चित्र उचलून आत नेऊन ठेवलं आणि म्हणाले, ‘ताई, आता बघा.’ भिंतीला श्वास आला. ते चित्र आठवडाभर आतच राहिलं.

प्रदर्शनाचा आठवडा थकवणारा असतो, दिवसभर उभं राहणं आणि तेच तेच बोलणं. पहिल्या दिवशी ओळखीचे येतात, मधले दिवस ओस, शनिवार-रविवारी गर्दी. बसायला उशी न्या, पाण्याची बाटली न्या आणि जेवायला आलटून पालटून बसवायला कुणीतरी ठेवा. ‘हे काय आहे?’ या प्रश्नाची मला धास्ती होती, पण तो रागाने फार थोड्यांनी विचारला. एका काकांनी सगळी चित्रं पाहून विचारलं, ‘रझांसारखा बिंदू का नाही घातलात? नजर ठरायला बरं पडतं.’ चित्रकार सय्यद हैदर रझांच्या चित्रांतला मोठा बिंदू त्यांच्या मनात होता. मी म्हटलं, ‘मला नजर ठरू द्यायचीच नाहीये.’ ते हसले आणि पुन्हा एक चक्कर मारून आले. उरणच्या बाजूचे एक निवृत्त गृहस्थ एका मोठ्या चित्रापुढे बराच वेळ थांबले आणि म्हणाले, ‘आमच्या आगरात भरती आत घुसली की असं दिसायचं.’ कुठेही मिठागर असं लिहिलेलं नव्हतं, सगळी चित्रं शीर्षकाविना लावली होती. एका तरुण मुलीने अगदी जवळ जाऊन खरवडलेली कड पाहिली आणि नाईफ कुठल्या आकाराचा, एवढंच विचारलं. तिच्याशी मी सर्वांत जास्त वेळ बोलले.

विक्री झाली ती एक मोठं, एक मधलं आणि तीन लहान. सव्वा लाखाच्या जरा आत. प्रदर्शनाचा खर्च, भाडं, कर, चौकटी, छायाचित्रण, पत्रिका, टेम्पो आणि उद्घाटनाचा चहा मिळून, दीड लाखाच्या जरा वर. गाळ्याचं तीन वर्षांचं भाडं आणि रंग यांत धरलेले नाहीत, ते माझ्या अर्धवेळ नोकरीने भरले. हे आकडे मुद्दाम देते आहे, कारण विकलेल्या चित्रांशेजारी भिंतीवर लावलेले लाल ठिपके बघून पाहुण्यांचा भलताच समज होतो. विकलेल्या प्रत्येक चित्राबरोबर बिल, माप-माध्यम-वर्ष लिहिलेलं सहीचं प्रमाणपत्र आणि मागच्या बाजूची काळजी कशी घ्यायची याचं एक पान दिलं.

एक काम बाकी आहे. तैलरंगावर अखेरचं वॉर्निश लगेच देत नाहीत, थर आतपर्यंत वाळायला सहा महिने ते वर्ष जातं. म्हणून घेणाऱ्यांना सांगितलं आहे की पुढच्या हिवाळ्यात, हवा कोरडी झाल्यावर, मी घरी येऊन ते देऊन जाईन. मोठं चित्र घेतलेल्यांनी ते सोफ्याच्या वर, खिडकीसमोर टांगलंय असं कळवलं आहे, तेवढी जागा बदला म्हणून त्यांना फोन करायचाय. गाळ्याचा करार जानेवारीत तीन वर्षांसाठी पुन्हा केला, भाडं बारा हजार झालं.